खाडीच्या रडार-प्रतिमांतील स्पेकल: फिल्टरच्या आधी तिथी पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दाभोळ खाडीच्या काठचे कांदळवन आणि खारबंदिस्ती यांचे नकाशे करण्यासाठी सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडार-प्रतिमा घेतल्या आणि त्यांतील दाणेदार स्पेकल घालवण्यासाठी ७×७ पिक्सेलच्या खिडकीचा ली फिल्टर चालवला. दाणे गेले, पण कांदळवनात शिरणाऱ्या अरुंद फाट्या आणि खारबांधही त्यांच्याबरोबर पुसले गेले. खिडकी ३×३ केली, तर दाणे जवळजवळ तसेच राहतात. मग याहून चांगला फिल्टर कोणता, आणि डीप लर्निंगकडे वळावे का, असे विचारले आहे.

फिल्टरांची तुलना खाली केली आहे, परंतु माझ्या मते या कामात तो दुय्यम प्रश्न आहे. सरासरी कशाकशाची काढायची, हे आधी ठरवावे लागते. स्पेकल कमी करण्याचा प्रत्येक मार्ग अखेर कुठली ना कुठली सरासरीच असतो. ती शेजारच्या पिक्सेलांची काढली तर तपशील गमावतो, वेगवेगळ्या दिवसांची काढली तर त्या दिवसांमधला बदल गमावतो. कोकणच्या खाड्यांमध्ये महत्त्वाच्या गोष्टी वीस-तीस मीटर रुंदीच्या आहेत आणि बदलाचा मोठा भाग भरती-ओहोटीचा, म्हणजे आधीच वर्तवता येणारा आहे. म्हणून येथे दिवसांची सरासरी काढणे पिक्सेलांच्या सरासरीपेक्षा बहुतेक वेळा फायद्याचे ठरते, मात्र ते दिवस भरतीची स्थिती पाहून निवडलेले असले पाहिजेत.

प्रथम स्पेकलचे स्वरूप पाहू. सेंटिनेल-१ चे रडार सी-बँडमध्ये, सुमारे ५.५ सेंटिमीटर तरंगलांबीवर काम करते, आणि त्याच्या नेहमीच्या विस्तृत-पट्टा प्रतिमेत एका विभेदन-घटकात, म्हणजे रडारला वेगळ्या ओळखता येणाऱ्या सर्वांत लहान तुकड्यात, जमिनीवरचा साधारण २० मीटर × २२ मीटरचा भाग सामावतो. एवढ्या भागात कांदळाची असंख्य पाने, फांद्या आणि चिखलाचे उंचवटे असतात. त्या प्रत्येकाकडून परतणारी लहर वेगळ्या कलेत, म्हणजे तिच्या चढ-उताराच्या वेगळ्या टप्प्यावर येते. जेटीवर आपटून परतणाऱ्या आणि समोरून येणाऱ्या लाटा बंदरात एकमेकींत मिसळल्या की कुठे पाणी उसळते आणि कुठे ते जागच्या जागी राहते, तसेच येथेही होते: काही पिक्सेलांत लहरी एकमेकींना उचलून धरतात, काहींत मारून टाकतात. उपकरणात बिघाड असल्यामुळे हे घडत नाही. तोच उपग्रह त्याच कक्षेतून त्याच न बदललेल्या पृष्ठभागावरून पुन्हा गेला, तर दाण्यांची तीच नक्षी पुन्हा मिळते.

या दाण्यांचे संख्याशास्त्र चांगले ज्ञात आहे आणि ते हाताशी ठेवल्यास निम्मे गैरसमज टळतात. एकसारख्या पृष्ठभागावरील एक-लुक तीव्रतेचे, म्हणजे सरासरी न काढलेल्या एकाच निरीक्षणातील सिग्नलच्या बळाचे, वितरण घातांकी असते, म्हणजे तिचे प्रमाण विचलन सरासरीएवढेच असते. स्वतंत्र अशा 'एल' निरीक्षणांची सरासरी घेतली की विचलन आणि सरासरी यांचे गुणोत्तर एक भागिले 'एल'चे वर्गमूळ इतके खाली येते. म्हणून दाणे निम्म्यावर आणायला चार निरीक्षणे लागतात, दहाव्या हिश्शावर आणायला शंभर. जिथे सिग्नल प्रबळ तिथे दाणेही त्याच प्रमाणात मोठे, यालाच आपण स्पेकल गुणाकारी आहे असे म्हणतो.

येथे 'स्वतंत्र' या शब्दावर सारा भार आहे. सेंटिनेल-१ चे जे तयार उत्पादन बहुतेक जण उतरवून घेतात, त्यातील पिक्सेल १० मीटर अंतरावर असतात, पण विभेदन त्याच्या दुपटीएवढे आहे. शेजारचे पिक्सेल म्हणूनच एकमेकांत गुंतलेले असतात. ७×७ च्या खिडकीत ४९ पिक्सेल मोजले, तरी क्षेत्रफळाच्या हिशेबाने त्यात अकराच्या आसपास स्वतंत्र घटक आहेत. या उत्पादनाची समतुल्य लुक-संख्या (एका पिक्सेलमागची स्वतंत्र निरीक्षणे) मुळात ४.४ च्या जवळपास असते. साधी सरासरी काढल्यावर ती पन्नासच्या घरात जाईल, सरळ गुणाकार केल्यास दिसणाऱ्या दोनशेच्या वर नाही. आणि त्या पन्नासांसाठी आपण विभेदन सत्तर मीटरवर नेऊन ठेवतो. पंचवीस मीटर रुंदीची फाटी यात टिकणार नाही, हे फिल्टर न चालवताही सांगता येते.

ली फिल्टर साध्या सरासरीपेक्षा शहाणा आहे, पण किती, ते पाहावे. जोंग-सेन ली यांनी १९८० मध्ये मांडलेली ही पद्धत खिडकीतला चढउतार मोजते. तो केवळ स्पेकलने जेवढा व्हायला हवा तेवढाच असेल, तर पिक्सेलच्या जागी खिडकीची सरासरी ठेवते. चढउतार त्याहून जास्त असेल, तर येथे कडा किंवा रचना आहे असे मानून मूळ पिक्सेलला अधिक वजन देते. केवळ स्पेकलने किती चढउतार होतो, हे मात्र ती स्वतः ठरवत नाही, तुम्ही दिलेल्या लुक-संख्येवरून काढते. स्नॅपसारख्या रडार-प्रतिमांच्या सॉफ्टवेअरमध्ये ही संख्या अनेकदा १ अशीच राहून जाते. सुमारे साडेचार लुकच्या प्रतिमेला १ सांगितले, की फिल्टरला स्पेकल प्रत्यक्षाच्या दुपटीहून अधिक वाटते आणि कांदळवनाची खरी कडाही तो दाण्यांत धरून सपाट करतो. तुमच्या फाट्या पुसल्या जाण्याचे पहिले कारण मी येथे शोधेन. ती संख्या ४ करून तोच फिल्टर पुन्हा चालवावा. फरक डोळ्यांना दिसेल.

लीचाच सुधारित फिल्टर खिडकीतील कडेची दिशा ओळखतो आणि कडेच्या एकाच बाजूचे पिक्सेल सरासरीत घेतो. खारबांध, उघाड्यांकडे (बांधातील पाण्याच्या दारांकडे) जाणारे सरळ चर आणि खाडीचा काठ यांसाठी तो उपयोगी आहे. नागमोडी फाट्यांवर तो कधीकधी नसलेल्या सरळ रेषा उमटवतो, आणि त्या पुढे नकाशावर बांध म्हणून वाचल्या जाण्याचा धोका असतो. १९८२ चा फ्रॉस्ट फिल्टर अंतराप्रमाणे वजन कमी करत जातो. दाट झाडीच्या मोठ्या पट्ट्यांवर तो सौम्य वागतो. गॅमा-मॅप फिल्टर पृष्ठभागाचे वितरणही गॅमा आहे असे गृहीत धरतो, ते जंगलासाठी बऱ्यापैकी खरे असते. बंदरात नांगरलेले ट्रॉलर किंवा खाडीवरचे पूल असे ठळक बिंदू जपायचे असतील, तर सुधारित ली-सिग्मा घ्यावा, कारण तो असे बिंदू आधी वेगळे काढून ठेवतो. या कुटुंबातील निवडीवर याहून जास्त वेळ घालवू नये. लुक-संख्या बरोबर दिल्यावर त्यांच्यातील फरक खिडकीच्या आकारातील फरकापेक्षा लहान असतो.

आता दिवसांच्या सरासरीकडे येतो. एका कक्षेतून सेंटिनेल-१ चा एक उपग्रह दर १२ दिवसांनी परततो, म्हणजे वर्षाला तीसच्या आसपास प्रतिमा मिळतात. कांदळाची पाने वाऱ्याने हलतात, वाढतात, गळतात, त्यामुळे ५.५ सेंटिमीटरच्या लहरीसाठी बारा दिवसांत तो पृष्ठभाग पूर्ण नवा झालेला असतो आणि दाण्यांची नक्षीही नवी असते. अशा नऊ प्रतिमांची पिक्सेलनिहाय सरासरी काढली, की लुक-संख्या चाळीसच्या जवळ जाते. ७×७ च्या खिडकीने मिळालेल्या पन्नासच्या जवळपास आपण आलो आणि विभेदनाला धक्काही लागला नाही.

जांभ्याच्या सड्यावर (कातळपठारावर) हाच हिशेब इतका उदार राहत नाही. डिसेंबर ते मे या काळात उघडा कातळ फारसा बदलत नाही, दोन फेऱ्यांतील दाणे बऱ्याच अंशी सारखे राहतात, आणि नऊ प्रतिमांच्या सरासरीतून नऊ स्वतंत्र निरीक्षणांचा लाभ मिळत नाही. काँक्रीटच्या जेटीवर आणि पुलांवर तर तो नाममात्रच मिळतो.

चढती (दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी) आणि उतरती (उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी) कक्षा एकत्र करून हा प्रश्न सोडवण्याचा मोह होतो. सपाट खाजणात (खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीत) ते काही प्रमाणात चालते. खाडीच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या डोंगरउतारांवर मात्र दोन दिशांनी पाहिलेली तेजस्विता मुळातच वेगळी असते आणि सरासरीला अर्थ उरत नाही.

खाडीतली खरी अडचण पाण्याच्या पातळीची आहे. उपग्रह सूर्याशी बांधलेल्या कक्षेत फिरतो आणि कोकणावरून नेहमी सकाळी किंवा संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास जातो. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. बारा दिवसांत ती दहा तासांच्या आसपास सरकते, म्हणजे दोन भरत्यांमधील साडेबारा तासांचे अंतर लक्षात घेता पुढच्या फेरीला पाणी सुमारे सव्वादोन तास पुढच्या स्थितीत असते. त्यामुळे लागोपाठच्या नऊ प्रतिमांत एखादा चिखलपट्टा कधी उघडा, कधी अर्धा, कधी पाण्याखाली दिसतो. त्या सगळ्यांची सरासरी दिसायला अतिशय गुळगुळीत असते, पण ती कोणत्याही दिवशी अस्तित्वात नव्हती अशा खाडीची असते.

किनाऱ्यावरच्या मच्छीमारांकडे यासाठी एक जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणले, की भरतीची स्थूल वेळ मिळते. अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला अकरा-सव्वाअकरा. रत्नागिरी जिल्ह्यासाठी तो बऱ्यापैकी जुळतो, आणि उपग्रहाच्या वेळेशी लावून पाहिला तर एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. अमावस्या-पौर्णिमेला सकाळी सहाला पाणी उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे तळाजवळ असते. अष्टमीला सहाला भरती असते, पण ती भांगाची, बेताची. उधाणाची पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास येत असल्याने या उपग्रहाला ती दिसतच नाही. केवळ उधाणातच बुडणारी खाजणाची कड या प्रतिमांत वर्षभर कोरडी दिसेल, आणि कोणताही फिल्टर तिथे पाणी आणू शकणार नाही. खारे पाणी बांध ओलांडून शेतात शिरते का, हा तुमच्या अभ्यासाचा भाग असल्यास ही मर्यादा प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणातच नोंदवावी.

म्हणून प्रतिमांचे गट तिथीप्रमाणे करावेत. अमावस्या आणि पौर्णिमेच्या दोन दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंतच्या प्रतिमा हा ओहोटीचा गट, आणि दोन्ही अष्टम्यांच्या आसपासच्या तेवढ्याच दिवसांच्या प्रतिमा हा भरतीचा गट. वर्षभरात प्रत्येक गटात दहाच्या आसपास प्रतिमा येतात, पावसाळ्यातल्या वगळल्या तर सातच्या आसपास. तिथीचा हिशेब चाळणी म्हणून पुरेसा आहे, पण अंतिम निवडीसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-तक्त्यांतील प्रत्यक्ष उंची घ्यावी आणि खाडीच्या तोंडापासून वर जाताना भरती उशिरा पोहोचते हेही ध्यानात ठेवावे. दोन गटांच्या दोन सरासऱ्या तयार झाल्या, की त्यांच्यातील फरक हाच भरती-ओहोटीत झाकल्या-उघडल्या जाणाऱ्या पट्ट्याचा नकाशा असतो, आणि त्यात फाट्या शाबूत राहतात. दाणे अजूनही खुपत असतील, तर या सरासरीवर ३×३ चा सुधारित ली चालवावा. लुक-संख्या या वेळी गटातील प्रतिमांच्या संख्येप्रमाणे तीस-चाळीसच्या जवळची द्यावी, चार नव्हे.

जून ते सप्टेंबरच्या प्रतिमा मी या गटांतून बाहेर ठेवतो. ढगांतून रडार पाहते हे खरे आहे, परंतु वाऱ्याने खवळलेले पाणी उजळ दिसते, मुसळधार पावसाच्या सरी सी-बँडवर छटा उमटवतात आणि वाशिष्ठीच्या पुराचे पाणी खाडीची पातळी भरती-तक्त्याच्या हिशेबाबाहेर नेते.

सरासरी काढताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे: ती तीव्रतेच्या मूळ, रेषीय मूल्यांची काढावी, डेसिबलची, म्हणजे त्यांच्या लॉगरिदमची नव्हे. गूगल अर्थ इंजिनवरील सेंटिनेल-१ चा नेहमीचा संग्रह डेसिबलमध्ये आहे आणि बहुतेक जण त्याचीच सरासरी काढतात. (रेषीय मूल्यांचा वेगळा संग्रहही तिथेच उपलब्ध आहे.) एकसारख्या पृष्ठभागावर, साडेचार लुकच्या आसपास, यामुळे उत्तर सुमारे अर्ध्या डेसिबलने कमी येते. एक-लुक प्रतिमेत ही घट अडीच डेसिबलची असते. बदलत्या पृष्ठभागावर चूक याहून मोठी होते. एखादे पिक्सेल निम्म्या वेळा −२० आणि निम्म्या वेळा −८ डेसिबल असेल, तर त्याची खरी सरासरी −१०.७ च्या जवळ येते, तर डेसिबलची सरासरी −१४ सांगते. पाण्याची सीमा ठरवताना तीन डेसिबल म्हणजे संपूर्ण चिखलपट्टा इकडचा तिकडे.

व्हीएच ध्रुवणाची (उभी लहर पाठवून आडवी टिपलेली) प्रतिमा वापरत असाल तर आणखी एक गोष्ट तपासावी लागेल. शांत खाडीच्या पाण्यावरून व्हीएचमध्ये परतणारा सिग्नल इतका क्षीण असतो, की दिसणारे दाणे बरेचसे उपकरणाच्या औष्णिक गोंगाटाचे असतात. मोहिमेच्या आखणीत या गोंगाटाची कमाल पातळी −२२ डेसिबल धरलेली आहे. हा गोंगाट बेरजेचा आहे, गुणाकाराचा नाही, त्यामुळे लीपासून गॅमा-मॅपपर्यंतच्या सर्व फिल्टरांचे गृहीतक तेथे मोडते. औष्णिक गोंगाटाची दुरुस्ती आधी, मग अंशशोधन (आकड्यांचे प्रत्यक्ष तेजस्वितेत रूपांतर), मग स्पेकल फिल्टर आणि भूरूप-दुरुस्ती (जमिनीच्या उंच-सखलपणामुळे सरकलेल्या जागा सुधारणे) सर्वांत शेवटी, हा क्रम ठेवावा. भूरूप-दुरुस्तीत पिक्सेल नव्याने बेतले जातात आणि त्यांचे संख्याशास्त्र बदलते, म्हणून तिच्यानंतर फिल्टर चालवणे मला पसंत नाही.

सर्वच गोष्टी सरासरीत बसत नाहीत. चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ ला आलेल्या पुरासारखी घटना एखाद्याच प्रतिमेत सापडली तर सापडते. तिची इतर दिवसांशी सरासरी काढली तर पूरच विरघळेल. भात लावणीचेही तसेच आहे. चिखलणी केलेली, पाण्याने भरलेली खाचरे जून-जुलैत काळवंडतात आणि रोपे वाढू लागली की काही आठवड्यांत उजळतात, आणि आपल्याला तोच उतार-चढाव हवा असतो. अशा कामासाठी क्विगन आणि यू यांनी २००१ मध्ये मांडलेला बहुकालिक फिल्टर योग्य आहे. तो प्रत्येक प्रतिमेला तिच्या स्थानिक सरासरीने भागतो, उरलेल्या शुद्ध दाण्यांची सर्व प्रतिमांवर सरासरी काढतो आणि ती पुन्हा त्या-त्या दिवसाच्या स्थानिक सरासरीने गुणतो. दाणे सगळ्या दिवसांत वाटले जातात, तेजस्विता मात्र ज्या-त्या दिवसाचीच राहते. स्थानिक सरासरीची खिडकी ५×५ च्या पुढे नेऊ नये, कारण कोकणातली खाचरे लहान आणि पायऱ्यापायऱ्यांची असतात.

डीप लर्निंगबद्दल माझे मत सावध आहे. छायाचित्रांवर कृत्रिम स्पेकल टाकून शिकवलेली न्यूरल जाळी शहरांच्या प्रतिमांवर देखणी दिसतात, पण कांदळवनावर ती रचना कल्पनेने भरतात. स्वच्छ प्रतिमेशिवाय, केवळ दोन गोंगाटी प्रतिमांच्या जोडीवरून शिकता येते, ही २०१८ च्या सुमारास पुढे आलेली कल्पना रडारला अधिक मानवते, कारण रडारची स्वच्छ प्रतिमा अस्तित्वातच नसते. एक-लुक संमिश्र प्रतिमेचे (जिच्यात तीव्रतेबरोबर कलाही असते) वास्तव आणि काल्पनिक भाग हीच जोडी म्हणून वापरणाऱ्या पद्धतीही निघाल्या आहेत आणि त्यांत दोन दिवसांमधील बदलाची भानगड राहत नाही. तुम्ही उतरवलेल्या उत्पादनात कला आधीच टाकून दिलेली आहे, त्यामुळे हा मार्ग हवा असल्यास संमिश्र माहिती नव्याने घ्यावी लागेल. शेजारच्या पिक्सेलांचा परस्परसंबंध मोडून मगच जाळे शिकवावे, नाहीतर ते दाण्यांनाच रचना समजते. त्याआधी स्थानेतर सरासरीच्या पद्धती, विशेषतः २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली सार-बीएम३डी, वापरून पाहण्यासारख्या आहेत. प्रतिमेत दूर कुठेतरी असलेले सारखे तुकडे शोधून त्या त्यांची सरासरी काढतात, आणि एकमेकांसारख्या दिसणाऱ्या फाट्यांच्या जाळ्यावर त्यांचा हात चांगला चालतो.

कोणताही फिल्टर निवडला तरी तो डोळ्यांना कसा दिसतो यावर पसंत करू नये. मूळ प्रतिमेला फिल्टर केलेल्या प्रतिमेने भागावे. फिल्टरने केवळ स्पेकल काढले असेल, तर भागाकाराच्या प्रतिमेची सरासरी १ आणि समतुल्य लुक-संख्या मूळ प्रतिमेएवढी यायला हवी, आणि त्यात कसलीही आकृती दिसता कामा नये. खाडीचा काठ, फाटी किंवा बांध त्या भागाकारात उमटले असतील, तर तेवढी माहिती फिल्टरने खाल्ली आहे. लुक-संख्या मोजण्यासाठी एकसारखा भाग निवडताना समुद्र घेऊ नये, कारण लाटांची आणि वाऱ्याची नक्षी त्यात असते. कोरड्या ऋतूतला, चिरेखाणी आणि काजूच्या बागा टाळून घेतलेला सड्याचा मोठा सपाट तुकडा बरा. तो एकाच प्रतिमेत मोजायचा असल्याने वर सांगितलेली दिवसांमधल्या सारखेपणाची अडचण येथे येत नाही.

शेवटी, फिल्टर मुळीच वापरू नये अशी दोन कामे आहेत. खाचर, कांदळवनाचा पट्टा किंवा कोळंबीचे तळे अशा सीमा आधीच माहीत असलेल्या क्षेत्राची सरासरी तेजस्विता हवी असेल, तर सीमेच्या आतले एक-दोन पिक्सेल सोडून उरलेल्या मूळ पिक्सेलांचीच सरासरी घ्यावी. त्याआधी फिल्टर चालवला, की बाहेरचा बांध आत मिसळतो आणि त्रुटीचा अंदाजही खोटा लहान येतो. दुसरे काम उतारांच्या सरकण्याचे, म्हणजे दोन प्रतिमांतील कलेच्या फरकाचे. तीव्रतेवरचे फिल्टर कलेला लावता येत नाहीत. तिथे संमिश्र गुणाकाराची सरासरी आणि गोल्डस्टीन फिल्टर हा वेगळा मार्ग आहे. सह्याद्रीच्या दाट झाडीत सी-बँडची सुसंगती (दोन प्रतिमांतील कलांचा मेळ) बारा दिवसांतच इतकी ढासळते, की त्या कामासाठी मी जुलै २०२५ मध्ये प्रक्षेपित झालेल्या निसार या नासा-इस्रोच्या रडार-उपग्रहाच्या, सुमारे २४ सेंटिमीटर तरंगलांबीच्या एल-बँड प्रतिमांकडे वळेन.